उसना पंप

त्या वर्षी दिवाळी झाली आणि माझ्या बायकोचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. वेणी घालायची तर ती मान वाकवून डोकंच हातापर्यंत न्यायची. डॉक्टरांनी तेल, शेक आणि व्यायाम सांगितला होता. व्यायाम ती विसरायची, पण घरामागच्या बागेत जायला विसरायची नाही. सकाळची लिंगपूजा आटोपली की कपाळावरची विभूती ओली असतानाच ती बादली घेऊन मागच्या दारानं निघायची.

बादलीत लिंबोळीचा अर्क असायचा, कुटून भिजवलेल्या लिंबोळ्यांचं गाळलेलं पाणी. त्यात ती निंबाची डहाळी बुडवायची आणि एकेका झाडावर शिंपडायची, तेही डाव्या हातानं. वालाच्या मांडवावर मावा पडला होता. मांडव उंच. डहाळी वर पोचायची नाही आणि निम्मा अर्क तिच्याच तोंडावर पडायचा. मी ओट्यावर पेपर वाचत बसलेला असायचो.

"मी शिंपडू का?" एकदा विचारलं.

"तुम्ही पेपर वाचा. तुमच्यानं पानाच्या खालून लागत न्हाई," ती म्हणाली.

खरं होतं ते. चाळीस वर्षं खडू धरलेल्या हाताला दुसरं काही नीट जमत नव्हतं. आमचं घर मराठी-कन्नड सीमेवरच्या ठाणाकुशनूरच्या कडेला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथं. मी शाळेत, ती अंगणवाडीत. दोघंही निवृत्त झाल्यावर घरामागची चार गुंठे जागा तिनं हातात घेतली आणि बघता बघता तिथं टोमॅटो, वांगी, मिरच्या, वालाचा मांडव, मेथी, शेपू, पालक, कांदा, लसूण, कडेनं मक्याच्या दोन ओळी असं सगळं उभं राहिलं. त्या बागेत मी पाहुणा होतो. काढलेली भाजी शेजाऱ्यांकडे पोचवणं एवढंच माझं काम.

दुकानातलं कुठलंही फवारणीचं औषध त्या बागेत यायचं नाही. का, ते मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. तिचं माहेर खजुरी, आळंद तालुक्यात. ती सातवीत असताना तिचे अप्पा तुरीवर फवारून घरी आले. वारं उलटं फिरलं होतं, सदरा छातीवर भिजला होता. अंगणात बसल्या बसल्या उलट्या सुरू झाल्या. सोलापूरला नेलं, वाचले. पण पुढं शेवटपर्यंत त्यांचा उजवा हात थरथरत राहिला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. तो भिजलेला सदरा हिनं धुतला होता, आणि तो वास तिच्या नाकातून कधी गेला नाही. आमच्याकडे या विषाला औषध म्हणतात. कन्नडात तर एण्णी म्हणतात, म्हणजे तेल. ती मात्र सरळ इख म्हणायची.

कार्तिक संपत आला तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, कलबुर्गीला. ती चार दिवसांसाठी गेली. जाताना मला सांगून गेली, "पाणी एक दिवसाआड द्या. अर्क बादलीत हाय, तसाच राहू द्या. मी आल्यावर बघते." कमलनगरच्या बसला बसवून मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मला ती कल्पना सुचली.

शेजारच्या शेताचा मालक माझ्याच वयाचा. सगळं गाव त्याला अण्णा म्हणतं, मीही म्हणतो. त्याच्याकडे पाठीवरचा फवारणीचा पंप होता. मला वाटलं, तो पंप आणावा, बादलीतला अर्क त्यात भरावा आणि एका संध्याकाळी अख्खी बाग फवारून टाकावी. मांडवाच्या वरपर्यंत, पानाच्या खालून, सगळीकडून. ती येईल तेव्हा मावा गेलेला असेल आणि तिचा खांदा आठवडाभर तरी मोकळा राहील. तिला न सांगता करायचं, यातच मला अर्धा आनंद होता.

अण्णा घरी नव्हता. त्याच्या बायकोनं, अक्कानं, गोठ्याच्या खुंटीवरचा पंप काढून दिला. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. महिन्याभराच्या पोरीला मांडीवर घेऊन ती ओसरीवर बसली होती. ही माझी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची.

"धुतलेला हाय न्हवं?" मी अक्काला विचारलं.

"व्हय, धुऊनच अडकिवलंय ह्येंनी."

घरी आणून मीही त्यात एक बादली पाणी घालून हलवलं आणि ओतून दिलं. आतून उग्र वास येत होता. सगळ्याच पंपांना येत असेल असं मी मनाशी म्हणालो. त्यात शेवटी काय भरलं होतं, हा एक प्रश्न मी विचारला नाही. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि तो एवढासा प्रश्न मला सुचला नाही.

फवारणी मात्र मी मन लावून केली. ऊन उतरल्यावर पट्टे खांद्यांवर घातले, उजव्या हातानं दांडी मारत एकेक वाफा घेतला. पानं उलटी करून खालून मारलं. मांडवावर नळी उंच धरून मारलं. अंग ओलं झालं, कंबर दुखली. त्या दिवशी पहिल्यांदा ती बाग थोडी माझीही आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप परत द्यायला निघालो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेपूची चांगली मोठी जुडी उपटली. बाळंतिणीला शेपू चांगला. अक्कानं जुडी घेतली, नाकाला लावली आणि म्हणाली, "बाईच्या बागंतलं म्हणल्यावर धुवायचं बी काम न्हाई." माझ्या बायकोला अंगणवाडीमुळं गावात सगळे बाई म्हणतात. मी खूश होऊन घरी आलो. माझ्यासाठी चार वांगी काढली आणि भाजी करून खाल्ली.

त्याच दुपारी टोमॅटोच्या माना खाली गेल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं. पाणी दिलं. संध्याकाळी शेंडे आणखी वाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर देठ पिळल्यासारखे वळले होते. पानं कडेनं आत गुंडाळली होती. वालाचे कोवळे वेल मांडव सोडून हवेतच गोल फिरले होते. मिरचीची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक. ही तहान नव्हती, हे मला दिसत होतं. तरी मी पुन्हा पाणी दिलं, कारण दुसरं काही येत नव्हतं. आणि मनात एक फार हलका विचार येऊन गेला, तो इथं सांगतोच. पंपाचं सांगायचंच नाही. थंडीनं झालं असेल म्हणायचं.

ती एक दिवस आधीच आली. बहिणीचा डोळा ठीक होता. कमलनगरहून जीपनं आली, पिशवी ओट्यावर ठेवली, पायावर पाणी घेतलं आणि चहा न पिता मागच्या दारी गेली. मी तिच्या मागं.

ती टोमॅटोच्या वाफ्याजवळ खाली बसली. एक शेंडा तळहातावर घेतला, उलटा करून बघितला, नाकाजवळ नेला. मग तिनं सगळीकडे नजर फिरवली. कांदा, लसूण आणि मका ताठ उभे होते. बाकी सगळी बाग वाकडी झाली होती.

"काय मारलाव?" तिनं विचारलं.

थंडीचं मी बोललो नाही. तिच्यासमोर ते आलंच नाही तोंडात. मी सगळं सांगितलं. तिचा खांदा, अण्णाचा पंप, बादलीतला अर्क.

ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "ह्यातलं कुणाला दिलाव का?"

"अण्णाच्या घरी शेपू. बाळंतिणीला. काल."

तिनं हातातला शेंडा खाली टाकला. तशीच उठली आणि दोन पावलं चालून थांबली. मागं वळून म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही काय खाल्लाव?"

"वांगी."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला माझ्याकडे असं बघताना मी दोनदाच पाहिलंय, आणि पहिल्यांदा मी दवाखान्यातल्या खाटेवर होतो. तिनं माझं मनगट धरलं, दुखऱ्याच हातानं, आणि आम्ही बांधावरून अण्णाच्या घरी गेलो.

अण्णा नुकताच शेतातून आला होता. माझ्या बायकोनं त्याला सरळ विचारलं, "अण्णा, त्या पंपात शेवटी काय भरला होता?"

"उसातल्या तणाचं औषध," तो म्हणाला. "रुंद पानाचं तण मारायचं. कामून?" आणि मग आमची तोंडं बघून त्याला कळलं. तो हातातला टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला. "धुतला होता की बाई मी. तीन पाणी दिले होते."

शेपू कालच खाल्लेला होता. लेकीनं दोन भाकरींबरोबर खाल्ला होता, अक्कानंही चाखला होता. पोरगी पाळण्यात झोपली होती. माझ्या बायकोनं पाळण्यावर वाकून तिचा श्वास बघितला, कपाळाला हात लावला, ओठ बघितले. अंगणवाडीत शेकडो लेकरं तिच्या हाताखालून गेलेली, त्या हाताला ताप आणि धाप चटकन कळते. पोरगी हात वर करून शांत झोपली होती.

"दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "आत्ता. आणि त्या औषधाचा डबा घ्या, अण्णा. डॉक्टरला नाव दिसलं पाहिजे."

गावातल्याच एकाची जीप केली. पुढं अण्णा, पायाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला डबा. मागं आम्ही दोघं, अक्का आणि मांडीवर पोरगी घेतलेली लेक. मी खिडकीबाहेर बघत होतो. तुरी फुलोऱ्यात होत्या, मैलोन्‌मैल पिवळ्या. माझी अवस्था लेकीच्या लक्षात आली असावी. ती म्हणाली, "सर, मला काई व्हईना झालंय. भूक बी लागलीय. तुम्हीच पाणी प्या जरा."

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं. कधी फवारलं, कधी खाल्लं, किती खाल्लं, धुतलं का, शिजवलं का, उलटी, चक्कर, जळजळ, सगळं विचारलं. चौघांना तपासलं, पोरीला दोनदा. मग बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला. ते परत येईपर्यंत माझ्या बायकोनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

"पंप धुतल्यावर जे राहिलं होतं तेवढंच पोटात गेलं असणार, तेही शिजवून," ते म्हणाले. "झाडं फार नाजूक असतात या औषधाला. आपण तेवढे नाही. आज काही दिसत नाही. दोन दिवस लक्ष ठेवा. काहीही वेगळं वाटलं की लगेच या. दूध पाजा, बंद करू नका. आणि ती भाजी आता कुणी खाऊ नका."

लेकीनं पदर सावरला आणि तिथंच बाकावर पोरीला पाजायला घेतलं. अक्का भिंतीला टेकून खाली बसली. अण्णा बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बघायला गेलो तर तो जीपच्या मागं उभा होता.

"माजा पंप, सर. माजं इख. पाप माजं हाय," तो म्हणाला.

"वापरला मी, अण्णा. न विचारता."

आमच्या मागून माझी बायको आली होती. तिनं दोघांचं ऐकलं आणि म्हणाली, "पाप वाटून घ्यायला बसलाव तर तिघं चौघं हाव आपण. कुणाच्या वाट्याला लई येणार न्हाई. चला, पोरगी घरी न्यायची हाय."

पुढचे दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ अण्णाच्या घरी जाऊन पोरीला बघून यायची. घरी आल्यावर मला विचारायची, जीभ दाखवा, डोकं दुखतंय का, रात्री झोप लागली का. काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही. पण बागेबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि ते मला जड जात होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खांद्याला तेल चोळत होतो. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "बोल की काईतरी."

ती म्हणाली, "तुम्ही मला विचारला असताव तर मी नको म्हणले असते. म्हणून विचारला न्हाईत."

"व्हय."

"माझा खांदा दुखतंय म्हणून केलाव, ते कळतंय मला. म्हणून तर रागावता बी येईना." मग हळूच म्हणाली, "जोरात चोळू नका. खाली, तिथं. तिथंच दुखतंय."

दुसऱ्या दिवशी रैत संपर्क केंद्रातला, म्हणजे सरकारी शेतकी कचेरीतला, एक अधिकारी मोटारसायकलवरून आला. अण्णानंच आणला होता. पोरगेला, कन्नड बोलणारा. वाफ्यांतून हिंडला. त्यानं सांगितलं ते असं. हे औषध झाडाला जाळत नाही, झाडाला वेड्यासारखं वाढायला लावतं, वाढता वाढताच ते मरतं. लांब, अरुंद पानांच्या पिकांना काही होत नाही, म्हणून कांदा-लसूण-मका वाचले. पण तेही यंदा खाऊ नका. वाकलेली झाडं उपटा. खताच्या खड्ड्यात टाकू नका, जनावरांना घालू नका, विहिरीपासून लांब पुरा. माती मोकळी करा, पाणी द्या, ऊन लागू द्या. माती आपोआप सुधारते, पण घाई नको. आणि सुधारली की नाही ते घेवडा सांगेल. एकेका वाफ्यातली माती डब्यात भरा, घेवड्याचे चार दाणे टाका. पहिली पानं सरळ आली तर माती बरी.

माझी बायको त्याच्याशी कन्नडात बोलत होती, खजुरीच्या कन्नडात, आणि बोलता बोलता तिचा आवाज पूर्वीसारखा झाला. काय करायचं ते कळलं की ती सावरते.

उपटायला आम्ही चौघं होतो. अण्णा आणि अक्का बोलावल्याशिवाय आले. टोमॅटोला हिरवी फळं लगडलेली होती. ती हातात घेऊन अक्का म्हणाली, "वरून कायच कळंना बघा, बाई." वांग्याच्या वाफ्यात एक झाड हिनं बियाण्यासाठी राखलं होतं. काटेरी, बुटकं, खजुरीहून आणलेलं वाण. त्याच्यावर दोन फळं पिवळी व्हायला लागली होती. ते तिनं शेवटी उपटलं. मी म्हणालो, "ठेवू या का ते एक?" तिनं मान हलवली आणि ते इतरांच्या ढिगावर ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

अण्णानं पडीक माळाच्या कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा घेतला होता. दोन बैलगाड्या भरून बाग तिकडं गेली.

मग डबे आले. दह्याचे रिकामे डबे, सात. तिनं तळाला भोकं पाडली, माती भरली, मी प्रत्येकावर कागद चिकटवून फळ्यावरच्या अक्षरात वाफ्याचं नाव लिहिलं. टोमॅटो. मिरची. वाल. मेथी. शेपू. वांगी. सातव्यात वेशीजवळच्या पडीक जागेची माती, तुलनेला. ते डबे ओट्यावर ऊन येईल तिथं ठेवले. सकाळी उठलो की आधी मी डब्यांकडे जायचो. घेवडा मान वर काढतो तेव्हा कसा दिसतो, हे मी त्या वयात पहिल्यांदा बघितलं.

सातव्यातलं रोप सरळ आलं. मेथी, वांगी, मिरची आणि वाल या डब्यांतलीही बरी होती. टोमॅटोच्या आणि शेपूच्या डब्यांतली पानं जन्मतःच कपासारखी वळलेली होती. त्या दोन डब्यांपुढं ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "थांबायचं."

या मधल्या काळात वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची खोप करतात, आत पाच दगड मांडून पांडवांची पूजा करतात आणि मग पंगत बसते. त्या जेवणात आंबील असते आणि भज्जी असते. ओल्या शेंगांचे दाणे आणि मिळतील तितक्या पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या. दर वर्षी चार-पाच घरांच्या भज्जीला पाला आमच्या बागेतून जायचा. आदल्या दिवशी दारात बायकांची रांग लागायची. त्या वर्षी कुणी आलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून कुणी दारावरून जाताना आत बघतही नव्हतं.

अक्का मात्र आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "उद्या आमच्या शेतात. दोघं बी."

माझी बायको चहा ठेवायला आत गेली. मी तिला ओळखतो. विकतच्या भाजीवर ती कधी विश्वास ठेवायची नाही, दोन-दोनदा मिठाच्या पाण्यात धुवायची. कुणाच्या लग्नातही ती वरण-भात खाऊन उठते.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं हिरवं लुगडं नेसलं आणि आम्ही गेलो. पूजा झाली. पंगतीत अण्णा स्वतः भज्जीचं भांडं घेऊन वाढत आला. आमच्यासमोर आल्यावर तो थांबला.

"बाई, खोटं बोलत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "हरभऱ्याला मारलेलं न्हाई. तुरीला फुलात एकदा मारलंय, लई दिवस झाले. पाला बाजारातला हाय, त्याचं मला म्हाईत न्हाई. वाढू का नको ते तुम्ही सांगा."

शेजारी लेक पोरगी घेऊन बसली होती. ती माझ्या बायकोकडे बघत होती. आमच्या जुडीतला शेपू त्या लेकीनं न धुता, न विचारता खाल्ला होता.

माझ्या बायकोनं ताट पुढं केलं. "वाढा," ती म्हणाली. "आणि आंबील बी द्या."

तिनं सगळं खाल्लं. मी तिच्याकडे न बघता खाल्लं.

परतताना बांधावर मी विचारलं, "कसं काय खाल्लीस?"

"तो विचारून वाढला की," ती म्हणाली.

संक्रांतीनंतर दुसऱ्यांदा डबे भरले. या वेळी सगळी पानं सरळ आली. टोमॅटोच्या डब्यातली दोन पानं, तळव्यासारखी उघडी. तिनं मला हाक मारली आणि मी आत आंघोळीच्या तयारीत होतो, तसाच टॉवेलवर बाहेर आलो. आम्ही दोघं ओट्यावर वाकून ते बघत राहिलो. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्यांचं काही तरी हरवलंय.

काटेरी वांग्याचं बी तिच्या पत्र्याच्या डब्यात एका चिंधीत थोडं होतं, तीन वर्षांपूर्वीचं. तिनं ते सगळंच टाकलं. चाळीसेक दाण्यांपैकी सात उगवले. त्यांतलं एक कोंबडीनं खाल्लं. सहा जगले.

अण्णा फवारणी सोडणारा नाही. त्याचं पोट त्या शेतावर आहे आणि त्याला कुणी तसं म्हणणंही बरं नाही. पण या पावसाळ्यात त्यानं आमच्या बाजूच्या बांधाला लागून ज्वारीच्या सहा दाट ओळी पेरल्या, वाऱ्याला आड म्हणून. आणि फवारायच्या आधी येऊन सांगतो, "बाई, आज मारायलोय. वारं तिकडं हाय, तरी कपडे आत घ्या." ती कपडे आत घेते आणि कोवळ्या वाफ्यांवर जुनी लुगडी टाकते.

लेक सासरी गेली. उन्हाळ्यात पोरीच्या उष्टावणाला आली तेव्हा पोरीला घेऊन सरळ आमच्या बागेत आली आणि म्हणाली, "काकू, काय देता हिला?" माझ्या बायकोनं एक कोवळा लाल भोपळा काढून दिला. देताना तिचे डोळे भरले.

खांदा आता बराच सुटला आहे. हात कानापर्यंत जातो. तरी अर्क शिंपडायचं काम माझ्याकडे आलं आहे, डहाळीनं. पानाच्या खालून कसं लावायचं ते तिनं माझा हात धरून शिकवलं. दोन वाफे तिनं मला स्वतंत्र दिलेत, मेथी आणि पालक. मी तिथं काही करत असलो की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारते, "काय घालायलाव?"

"पाणी," मी सांगतो. किंवा, "ताक." किंवा, "काई न्हाई, नुसता बघायलोय."

दिवसातून तीनदा विचारते. मी तीनदा सांगतो.